घडण आणि झीज : प्रवाळविज्ञानाच्या परिभाषेची प्रस्तावना

जानेवारी 1969 मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील मंडपम कॅम्प या लहानशा ठिकाणी प्रवाळ आणि प्रवाळभित्ती या विषयावर एक परिषद भरली. भारतातल्या सागरी जीवशास्त्रज्ञांच्या संघटनेने ती बोलावली होती. जगभरचे प्रवाळ-अभ्यासक आज दर काही वर्षांनी ज्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी जमतात, तिच्या मालिकेतली पहिली परिषद म्हणून मंडपमचीच गणना होते. प्रवाळ म्हटले की ऑस्ट्रेलियाची ग्रेट बॅरिअर रीफ आठवते, हवाई बेटे आठवतात. मंडपम सहसा कुणाला आठवत नाही. म्हणून या प्रस्तावनेची सुरुवात मुद्दाम तिथून केली आहे. ज्या विषयाच्या दाराशी वाचकांना आम्ही बोलावतो आहोत, त्या घरात आपली माणसे पूर्वीपासून वावरत आली आहेत.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटत असेल, तर त्याला कारणही आहे. भित्ती उभारणाऱ्या प्रवाळांना नितळ, उबदार, भरपूर उजेडाचे पाणी लागते आणि कोकणच्या नद्या पावसाळ्यात समुद्रात गाळ ओततात. तरीही मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यातल्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहेत. तिथला परिसर 1987 मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला, भर समुद्रात, सुमारे 20 मीटर पाण्याखाली एक विस्तीर्ण उंचवटा आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाने तो आंग्रिया बँक म्हणून ओळखला जातो आणि त्याच्या माथ्यावरही प्रवाळ आहेत. गोव्यातल्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद 1979 मध्येच प्रसिद्ध केली होती. देशातल्या मोठ्या भित्ती कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार येथे आहेत. आपला किनारा त्यांच्या मानाने गरीब असला, तरी रिकामा नाही.

पुढील पानांतल्या संज्ञा वर्णानुक्रमे लावल्या आहेत, कारण शोधायला ते सोयीचे पडते. वाचकांनी मात्र त्या वर्णानुक्रमे वाचू नयेत. एखाद्या नव्या विषयाचे शब्द पाठ केले की विषय कळला असे वाटू लागते आणि खरी समजूत बाहेरच राहते. त्याऐवजी एक सूत्र हाताशी धरावे. प्रवाळभित्ती एकाच वेळी घडत असते आणि झिजतही असते. घडण झिजेपेक्षा जास्त राहिली तर भित्ती उभी राहते; कमी पडली तर ती खचू लागते. कोणतीही संज्ञा समोर आली की स्वतःला विचारावे : ही घडवणाऱ्या बाजूची आहे, झिजवणाऱ्या बाजूची आहे, की त्या दोहोंमधला तोल मोजणारी आहे? या एका प्रश्नाने निम्म्याहून अधिक परिभाषा आपोआप जागेवर बसते.

आता घडवणाऱ्यांपासून सुरुवात करू. प्रवाळ म्हणजे वनस्पती, प्राणी की दगड, या प्रश्नाने युरोपातल्या विद्वानांना फार काळ चकवले. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मार्सिली या इटालियन निसर्गाभ्यासकाने समुद्राच्या पाण्यात ठेवलेल्या प्रवाळाच्या फांदीवर आठ पाकळ्यांची पांढरी फुले उमललेली पाहिली आणि प्रवाळ ही वनस्पतीच आहे असा निर्वाळा दिला. पुढे 1720 च्या दशकात मार्सेचा एक वैद्य, पेसोनेल, उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तीच फुले पाहत होता. स्पर्श होताच ती आत ओढली जातात आणि पाणी शांत झाले की पुन्हा पसरतात, हे त्याच्या लक्षात आले. ही फुले नव्हेत, लहान लहान प्राणी आहेत, असे त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवले. अकादमीत त्याचे म्हणणे कुणी मनावर घेतले नाही. रोमूरसारख्या मान्यवराने तर त्याची शोभा होऊ नये म्हणून तो विचार मांडताना त्याचे नावच गाळले. पुढे 1740 च्या दशकात ट्रेंबली या निसर्गाभ्यासकाने गोड्या पाण्यातल्या हायड्रावर प्रयोग करून प्राणीही असे फांद्या फुटल्यासारखे वाढू शकतात हे दाखवले, तेव्हा कुठे पेसोनेलला न्याय मिळाला. परिभाषेतल्या अगदी साध्या भासणाऱ्या व्याख्येमागेही असा वाद असू शकतो. ‘प्रवाळ हा प्राणी आहे’ हे वाक्य आज शाळकरी मुलेही लिहितात, पण ते मिळवायला एका माणसाचे उमेदीचे दिवस खर्ची पडले.

त्या प्राण्याला पॉलिप म्हणतात. मऊ नळीसारखे शरीर, वर एकच तोंड, त्याभोवती शुंडकांचे कडे आणि त्या शुंडकांवर भक्ष्याला टोचणाऱ्या दंशकोशिका. जेलीफिश आणि समुद्रफूल हे त्याचे नातलग. बहुतेक प्रवाळांत एका पॉलिपला दुसरा फुटतो, दुसऱ्याला तिसरा, आणि हजारो पॉलिप एकमेकांशी जोडलेले राहून वसाहत तयार होते. आपण ज्याला एक प्रवाळ म्हणतो, ती प्रत्यक्षात अशी वसाहत असते. पॉलिप आपल्या तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीच्या घटकाचा, थर साठवत जातो. जिवंत भाग असतो फक्त वरची पातळ त्वचा. खाली सगळा पूर्वजांचा सांगाडा.

इथे मराठी घरातल्या एका परिचित वस्तूविषयी सांगायला हवे. मंगळासाठी अंगठीत घालतात ते लाल पोवळे हेही प्रवाळच आहे, पण ते भित्ती बांधत नाही. ते मुख्यतः भूमध्य समुद्रातले, अंधूक उजेडाच्या कपारींत हळूहळू वाढणारे. त्याच्या पॉलिपला आठ शुंडके असतात, म्हणून ते अष्टशुंडकी गटात मोडते. मार्सिलीच्या आठ पाकळ्या त्याच. भित्ती बांधणाऱ्या दगडी प्रवाळांची शुंडके सहाच्या पटीत असतात आणि त्यांचा सांगाडा अॅरागोनाइट या खनिजाचा असतो. पोवळ्याचा सांगाडा कॅल्साइटचा. रसायन तेच, स्फटिकांची रचना वेगळी. वाचकांनी हा फरक सुरुवातीलाच पक्का करावा, कारण समुद्राच्या आम्लीकरणाविषयी पुढे जे सांगितले आहे, ते याच फरकावर उभे आहे.

दगडी प्रवाळाच्या घडणीचे बळ मात्र त्याच्या एकट्याचे नाही. उष्ण कटिबंधातला समुद्र निळा आणि नितळ दिसतो तो त्यात पोषक द्रव्ये फार कमी असतात म्हणून. अशा उपाशी पाण्यात इतकी समृद्ध जीवसृष्टी पोसली जाते कशी? याचे उत्तर पॉलिपच्या पेशींच्या आत आहे. तिथे झूझँथेली नावाचे एकपेशीय शैवल लाखोंच्या संख्येने राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा हिस्सा पॉलिपला देते. पॉलिपच्या उत्सर्गातली द्रव्ये शैवलाला खत म्हणून मिळतात. काही प्रवाळांची 90 टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज या भागीदारीतून भागते. 1950 च्या दशकात थॉमस आणि नोरा गोरो या दांपत्याने किरणोत्सारी कॅल्शियम वापरून सांगाडा किती वेगाने साठतो हे मोजले, तेव्हा उजेडात हा वेग अंधारापेक्षा बराच अधिक असल्याचे दिसले. त्याच दशकात ओडम बंधूंनी पॅसिफिकमधल्या एनिवेटॉक कंकणद्वीपावर संपूर्ण भित्तीची ऊर्जेची उलाढाल मोजली. परिसंस्थाविज्ञान शिकणाऱ्यांना त्यांचा 1955 चा शोधनिबंध आजही वाचायला देतात. सहजीवन, प्रकाशसंश्लेषण, प्राथमिक उत्पादन, पोषक द्रव्यांचे पुनर्चक्रण या चारही संज्ञा वाचकांनी एकत्र वाचाव्यात. सुट्या वाचल्या तर त्या कोरड्या वाटतील.

आता दुसरी बाजू. घडलेल्या सांगाड्याला अनेकजण लागलेले असतात. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी खडकावरचे शैवल खरवडतो आणि त्याबरोबर खडकही खातो; पचवून उरलेला चुरा तो वाळू म्हणून बाहेर टाकतो. मोठ्या जातीचा एक मासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो. क्लायोना जातीचे स्पंज आतून बोगदे पाडतात, काही शिंपले भोके कोरतात, अर्चिन हे काटेरी गोलसर प्राणी खडक घासत राहतात. या सगळ्याला जैविक झीज म्हणतात. ही झीज म्हणजे निव्वळ नुकसान असे मात्र समजू नये. मोडलेले तुकडे आणि वाळू भित्तीच्या पोकळ्यांत भरते, चुनेदार लाल शैवल त्यांच्यावर कवच चढवून सगळे सांधून टाकते, आणि उरलेली वाळू लाटांबरोबर वाहत जाऊन बेटे तयार होतात. लक्षद्वीपची लोकवस्तीची बेटे अशाच वाळूची आहेत, समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दोन मीटर उंच. त्या बेटांवरच्या माडांखालची जमीन कधीकाळी कुठल्या ना कुठल्या सजीवाचा सांगाडा होती. घडण वजा झीज, या हिशेबाला शास्त्रात कार्बोनेट ताळेबंद म्हणतात. आमच्या मते या संपूर्ण संग्रहातली ही सर्वांत मोलाची संज्ञा आहे.

भित्तीच्या प्रकारांकडे वळताना चार्ल्स डार्विनला टाळता येत नाही. 1842 मध्ये त्याने प्रवाळभित्तींवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. किनाऱ्याला चिकटलेली भित्ती, किनाऱ्यापासून दूर उभी असलेली अडथळा भित्ती आणि मधे बेटच नसलेले कंकणद्वीप हे तीन प्रकार म्हणजे एकाच प्रक्रियेचे तीन टप्पे, असे त्याने मांडले. ज्वालामुखीचे बेट सावकाश खचत जाते, प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर बांधत राहतात. शेवटी बेट बुडते आणि त्याच्याभोवतीचे कडे तेवढे उरते. विशेष म्हणजे ही कल्पना त्याला दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, एकही खरी भित्ती पाहण्यापूर्वी सुचली होती. पडताळा मिळायला शंभराहून अधिक वर्षे लागली. 1952 मध्ये एनिवेटॉकवर खोल छिद्रे घेतली गेली, तेव्हा 1,200 मीटरहून अधिक जाडीच्या चुनखडीखाली ज्वालामुखीचा काळा बेसाल्ट लागला.

बेसाल्ट हा शब्द आला की मराठी वाचकाने थांबावे. सह्याद्री ज्या बेसाल्टचा बनला आहे, तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातल्या एका तप्त स्थानावरून उसळलेला लाव्हा आहे. भारताचे भूखंड उत्तरेकडे सरकत गेले आणि त्या स्थानाने समुद्रतळावर मागे एक लांबलचक रांग सोडली. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस येथील भित्ती ज्या पाण्याखालच्या रांगेवर उभ्या आहेत, ती याच तप्त स्थानाची खूण असल्याचे भूशास्त्रज्ञ मानतात. आज ते स्थान हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. रायगडाचा कातळ आणि मालदीवच्या प्रवाळांखालचा पाया यांचे मूळ एक आहे, हे समजल्यावर हा विषय परका राहत नाही.

भित्तीचे पट्टे, म्हणजे सपाट माथा, लाटा झेलणारी कड, उतार आणि आतले शांत लगून, यांसाठी फार स्पष्टीकरण लागणार नाही. कोकणातल्या वाचकाला तर नाहीच. उधाण आणि भांग यांतला फरक ज्याला ठाऊक आहे, ओहोटीला कोणता खडक किती वेळ उघडा पडतो हे ज्याने पाहिले आहे, त्याच्यापाशी या प्रकरणाची निम्मी तयारी आधीच आहे. कच्छच्या आखातात जामनगरजवळ पिरोटन बेट आहे. ओहोटीला तिथला माथा उघडा पडतो आणि उन्हात तग धरणारे प्रवाळ पायी चालत जाऊन पाहता येतात. तो भाग 1982 मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यान झाला.

भरती-ओहोटी घडवणाऱ्या चंद्राचा संबंध प्रवाळांच्या प्रजननाशीही आहे. ग्रेट बॅरिअर रीफवर पौर्णिमेनंतरच्या ठरावीक रात्री कित्येक जातींचे प्रवाळ एकाच वेळी अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतात, हे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला समजले. त्यातून निघणारी प्लॅन्युला नावाची अळी पाण्याबरोबर वाहत जाते, कठीण पृष्ठभाग मिळाला की स्थिरावते आणि पहिला पॉलिप होते. ती कुठे स्थिरावेल यात त्या चुनेदार लाल शैवलाचाही हात असतो.

तोल ढळतो तेव्हा काय होते, हे समजण्यासाठी जमैकाचे उदाहरण सविस्तर वाचावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. 1970 च्या दशकात तिथल्या भित्तीचा निम्म्याहून अधिक पृष्ठभाग जिवंत प्रवाळांनी व्यापलेला होता. शैवल खाणारे मासे मात्र अनेक वर्षांच्या मासेमारीने विरळ झाले होते. तरी भित्ती ठीक दिसत होती, कारण शैवल खाण्याचे काम एका काळ्या, लांब काट्यांच्या अर्चिनने अंगावर घेतले होते. 1980 मध्ये ॲलन चक्रीवादळाने प्रवाळ मोडले. त्यातून भित्ती सावरू लागली होती. मग 1983-84 मध्ये एका रोगाने कॅरिबियनभर हे अर्चिन जवळजवळ नाहीसे झाले. शैवल खाणारे कुणीच उरले नाही. दशकभरात प्रवाळांचे आच्छादन 5 टक्क्यांखाली आले आणि मोकळा झालेला जवळजवळ सगळा खडक शैवलाने व्यापला. प्रवाळ-अभ्यासक टेरी ह्यूजेस यांनी 1994 मध्ये हा इतिहास मांडला. अशा बदलाला अवस्थांतर म्हणतात, आणि त्याची कठीण बाजू ही की कारण दूर झाले तरी भित्ती आपोआप पूर्वपदावर येत नाही. शाकाहारी मासे, कार्यात्मक गट, लवचीकता या संज्ञांचे वजन या एका घटनेवरून कळते. आपल्याकडे तांबोशी किंवा गोब्रा बाजारात दिसतो तेव्हा तो मासा खडकावर कोणते काम करत होता, असा प्रश्न त्यानंतर वाचकाला पडू लागतो.

आजच्या बातम्यांत सर्वाधिक येणारी संज्ञा म्हणजे विरंजन. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा तापले की पॉलिपमधल्या शैवलाचे प्रकाशसंश्लेषण बिघडते, त्यातून घातक द्रव्ये तयार होतात आणि पॉलिप शैवलाला बाहेर टाकतो. रंग जातो, पारदर्शक त्वचेखालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. विरंजित प्रवाळ मेलेला नसतो. तो उपाशी असतो. पाणी लवकर निवले तर शैवल परत येऊ शकते. म्हणून पाणी किती तापले याइतकेच किती दिवस तापले हेही मोजावे लागते. त्यासाठी अमेरिकेची ‘नोआ’ ही संस्था अंश-सप्ताह हे माप वापरते. त्या ठिकाणच्या सर्वांत उष्ण महिन्याची सरासरी ही आधाररेषा. तापमान तिच्यावर निदान 1 अंश चढले की गेल्या 12 आठवड्यांतली वाढ मोजून बेरीज करायची. पाणी 4 आठवडे 1 अंश अधिक तापले तर माप 4. 4 आठवडे 2 अंश अधिक तापले तर 8. चारला ठळक विरंजन अपेक्षित असते, आठला मृत्यूही. जागतिक पातळीवरची विरंजने 1998, 2010 आणि 2014-17 मध्ये झाली आणि 2023 मध्ये चौथे सुरू झाले. त्या वर्षाच्या अखेरीस या संस्थेला इशाऱ्यांच्या जुन्या पायऱ्या अपुऱ्या पडल्या आणि वर आणखी तीन जोडाव्या लागल्या. लक्षद्वीपच्या भित्तींनी आधीच्या तीनही विरंजनांचा तडाखा सोसला आहे. तिथे माशांवर पोट असणारी माणसे राहतात, ही गोष्ट वाचकांनी आकडे वाचताना विसरू नये.

आम्लीकरणाची, म्हणजे समुद्राचे पाणी आम्लतेकडे झुकण्याची, प्रक्रिया याहून संथ आहे. औद्योगिक क्रांतीनंतर समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू सुमारे 8.2 वरून 8.1 पर्यंत उतरला. आकडा किरकोळ दिसतो, पण सामूची मोजपट्टी लघुगणकीय असल्यामुळे हायड्रोजन आयनांतली वाढ जवळपास 30 टक्के भरते. अॅरागोनाइट कॅल्साइटपेक्षा लवकर विरघळतो. म्हणजे पाणी बदलले की दगडी प्रवाळांची घडण आधी मंदावते.

जातींच्या लॅटिन नावांनी बिचकू नये. ती बदलत राहतात आणि बदलणे हे शास्त्र जिवंत असल्याचे लक्षण आहे. पॉलिपमध्ये राहणाऱ्या शैवलाच्या अनेक शाखा पूर्वी एकाच प्रजातीच्या नावाखाली मांडत. 2018 मध्ये जनुकीय पुराव्यांवरून त्या शाखांना स्वतंत्र प्रजाती मानून नवी नावे दिली गेली. त्यांतली ड्युरुसडिनियम उष्णतेला अधिक तोंड देते, तेव्हा हा भेद केवळ नावापुरता नाही. जुन्या पुस्तकांत तुम्हाला या सगळ्यांसाठी सरसकट सिंबिओडिनियम हेच नाव आढळेल. ते चुकले होते असे नाही. तेव्हा तेवढेच दिसत होते. भारतीय प्रवाळांच्या वर्गीकरणासाठी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेतले सी. एस. गोपीनाथ पिल्लै यांचे काम मात्र आजही पाया मानले जाते. नामांतरे ध्यानात ठेवून ते अवश्य पाहावे.

शेवटी, जे पाण्यात उतरतील त्यांच्यासाठी. पावसाळा सरून पाणी निवळले की मालवणला प्रवाळ पाहता येतात. प्रवाळावर उभे राहू नये, हात लावू नये. पायाखाली गेलेली वसाहत कित्येक वर्षांची असू शकते, कारण पोराइट्स हा घुमटाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम 1 सेंटिमीटर वाढतो. दगडी प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, तेव्हा आठवण म्हणून तुकडाही उचलू नये. नोंद मात्र जरूर करावी : तारीख, जागा, खोली, भरती-ओहोटीची वेळ, जमल्यास पाण्याचे तापमान, आणि शेजारी मोजपट्टी धरून काढलेले छायाचित्र. एखादा प्रवाळ पांढरा दिसला, तर तोच प्रवाळ दोन-तीन महिन्यांनी पुन्हा शोधून पाहावा. त्याचा रंग परतला आहे की त्यावर शैवल चढले आहे, हे दुसऱ्या भेटीतच कळते. जे दिसेल ते पहिल्या नोंदीखाली तारखेसह लिहावे आणि मगच या संग्रहातले विरंजनाचे पान उघडावे.